आधी कॉलेजची वेबसाइट, मग इन्स्टाग्राम

बारावीचा निकाल लागला की मुलं मोबाइलवर कॉलेजांची इन्स्टाग्राम पेजेस बघू लागतात. एखाद्या पेजवर नाव तेच, लोगोही तोच, आणि खाली मेसेज: "अल्पसंख्याक कोट्यातल्या शेवटच्या सीट्स, आजच पैसे भरा." अम्मी-अब्बांना प्रश्न पडतो, हे पेज खरं की बनावट?

ते कॉलेजच्या होम पेजवरूनच कळतं. बहुतेक कॉलेजं आणि विद्यापीठं होम पेजच्या वर किंवा तळाशी फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबची छोटी चिन्हं देतात. ती नुसती सजावट नसते. त्या चिन्हावरून उघडतं ते खातं संस्थेने स्वतः आपलं म्हणून सांगितलेलं असतं. म्हणून इन्स्टाग्रामवरून वेबसाइटकडे नको, वेबसाइटवरून इन्स्टाग्रामकडे जा.

अर्थात वेबसाइटही खरी हवी. पत्त्याच्या शेवटी 'एसी डॉट इन' किंवा 'ईडीयू डॉट इन' असेल तर चांगली खूण. हे पत्ते शैक्षणिक संस्थांसाठीच राखलेले आहेत. पत्ता वेगळा असेल तर विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांच्या यादीत नाव शोधा. निळ्या टिकवर विसंबू नका. २०२३ पासून इन्स्टाग्रामवर ती पैसे देऊनही मिळते.

फी, मेरिट लिस्ट आणि कागदपत्रांच्या तारखा वेबसाइटच्या नोटीसमध्येच बघा. शंका आली तर सरळ कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा.

आलेल्या बातमीची खातरजमा करा, ही सूरह हुजुरातची शिकवण आपण जाणतोच. मुलांच्या अॅडमिशनच्या वेळीही ती विसरू नये, एवढंच आमचं सांगणं.