उन्हाळ्याला न भिणारी झुडपे

चैत्र सरता सरता ग्वाल्हेरात ‘लू’ वाहू लागते. पारा ४५ अंशांकडे झेपावतो, विहिरी खोल जातात, आणि हौसेने जोपासलेले गुलाब डोळ्यांदेखत करपतात. घरात पाणी जपून वापरण्याचे दिवस. अशा वेळी बादलीभर पाणी झाडांना घालावे की न घालावे, असा प्रश्न गृहिणीपुढे उभा राहतो. वस्तुतः यावर उपाय अधिक पाण्याचा नसून योग्य निवडीचा आहे.

कण्हेर, बोगनवेल आणि कोरांटी ही तीन झुडपे आपल्या अंगणाला पुरेशी आहेत. कण्हेरीचे पान जाड व चिवट असते. त्याची श्वसनरंध्रे पानाच्या पाठीवरील केसाळ खळग्यांत दडलेली असल्यामुळे उष्ण वाऱ्याला त्यातील ओलावा सहजासहजी हिरावून घेता येत नाही. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. आपण जिला फुले म्हणतो ती रंगीत पुष्पपत्रे होत. खरी फुले त्यांच्या आत, लहानशी व फिकट. कोरांटी तर आपल्याच माळरानांवरची. हिवाळ्यात फुलते आणि काटेरी असल्याने कुंपणाचेही काम करते.

लागवडीस आषाढ उत्तम. दीड-दोन फूट खोल खड्डा घेऊन मातीत शेणखत व थोडी वाळू मिसळावी. पाणी साचेल अशी जागा टाळावी, ऊन मात्र भरपूर असावे. बोगनवेल व कण्हेर यांची पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची फांदीही पावसाळ्यात मूळ धरते.

खरी परीक्षा पुढेच असते. रोज तांब्याभर पाणी शिंपडण्याची आपली सवय मायेची खरी, पण घातक. वरची माती तेवढी ओली राहते, मुळे वरच्या वर पसरतात आणि एक दिवस पाणी चुकले की झाड मान टाकते. आमच्या दारची बोगनवेल अशाच लाडाने दोन वर्षे नुसती पानांनी माजली होती. पाणी तोडले तेव्हाच ती बहरली. म्हणून पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी, परंतु आळे भरून पाणी द्यावे. ते संध्याकाळी द्यावे, आणि आळ्यात पालापाचोळा पसरावा. पुढल्या वर्षी हे अंतर वाढवीत न्यावे. मुळे खोल गेली की झाड आपले आपण सांभाळते.

एक सावधगिरी मात्र विसरू नये. कण्हेरीचे मूळ, पान, फूल सारेच विषारी आहे. संस्कृतातील ‘अश्वमारक’ हे तिचे नाव तेच सुचविते. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तितकीच घातक. तिच्या बिया मुलांच्या खेळात येऊ देऊ नयेत. छाटलेल्या फांद्या गुरांपुढे टाकू नयेत, चुलीत घालू नयेत, आणि हाताळल्यावर हात धुवावेत. घरात रांगते मूल असेल, तर कण्हेरीचा मोह काही वर्षे आवरलेला बरा. तिच्या जागी कोरांटी लावावी.

एवढे पथ्य पाळले, तर ज्येष्ठातल्या रखरखाटातही दारची बोगनवेल रंगांनी डवरलेली दिसेल, आणि त्यासाठी घरातल्या पिण्याच्या हंड्याला हात लावावा लागणार नाही.