पणजोबांच्या घराची चतुःसीमा
अरुणावतीकाठच्या आर्णीत पणजोबांचे घर नेमके कोठे होते, हे शोधताना जुन्या कागदांवर ‘वणी जिल्हा’ आढळल्यास गोंधळू नये. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे 1905 पूर्वीचे नाव तेच होते. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू, जात व गाव सापडते, गल्ली क्वचितच. ती उलगडते खरेदीखतातील चतुःसीमेतून. पूर्वेस कोणाचे घर, उत्तरेस कोणता रस्ता, हे तेथे नोंदलेले असते. ही नावे जुन्या घरपट्टीच्या नोंदींशी ताडून पाहावीत.

हा शोध केवळ कुतूहलाचा नाही. इतर मागासवर्गीयांच्या जातपडताळणीत 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. स्वतःचा दस्त हरवला असला, तरी शेजाऱ्याच्या दस्तात पणजोबांचे नाव सीमा म्हणून टिकून असू शकते.