प्रमाणपत्र बघा, पण मशीनसमोरही बसवा

कंपनीचे सर्व्हर सांभाळायला सिस्टीम अ‍ॅडमिन नेमताना प्रमाणपत्राला किती वजन द्यायचं? आधी ती परीक्षा कशी होते ते बघावं. रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्यायांवर खुणा करायच्या नसतात. लिनक्स मशीनवर प्रत्यक्ष कामं करून दाखवायची, तीही इंटरनेटशिवाय. मशीन रीस्टार्ट केल्यावरही बदल टिकला पाहिजे, नाहीतर गुण नाहीत. एफएसटॅब फाइलमधली डिस्कची एक ओळ चुकली, की मशीन नीट सुरूच होत नाही. ३०० पैकी २१० गुणांना पास. उमेदवाराचा हात कामावर बसलाय, याचा हा चांगला पुरावा. मुदत मात्र ३ वर्षांची.

निव्वळ बहुपर्यायी परीक्षांचं तसं नाही. फुटलेले प्रश्नसंच, म्हणजे ‘डम्प’, घोकून पास होणारे असतात.

म्हणून मुलाखतीत मी एक प्रश्न जरूर विचारेन: डिस्क पूर्ण भरलेली दिसतेय, पण फायलींची बेरीज बरीच कमी येते, मग जागा गेली कुठे? लॉग फाइल डिलीट झालीय, पण एखाद्या प्रोसेसने ती अजून उघडी धरून ठेवलीय, हे उत्तर रात्री दोन वाजता स्वतः शोधलेला माणूस लगेच देतो.