दोन फळ्यांमधली फट

पावसाळ्यात घराचे दार फुगते. चौकटीत अडकते. खांदा लावल्याशिवाय लागत नाही. दिवाळी झाली, हवा सुकली, की तेच दार पुन्हा सहज लागते. दार तेच, चौकटही तीच. मग बदलले काय? लाकूड दमट हवेतले पाणी प्यायले आणि रुंदीला वाढले. पाणी उडून गेले, तसे ते पुन्हा आक्रसले.

जुने सुतार हे जाणून होते. म्हणून ते दाराला थोडी मोकळीक ठेवीत.

आता एक नवी फळी बाजारात आली आहे. ती दिसते लाकडासारखी, पण ती निव्वळ लाकूड नाही. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक साधारण निम्मे-निम्मे घेतात, तापवून एकजीव करतात आणि साच्यातून फळी काढतात. दुकानात हिला डब्ल्यू.पी.सी. म्हणतात. हिला वाळवी सहसा लागत नाही. दरसाल रंग द्यावा लागत नाही.

आपल्या भागात ही फळी आता बरीच दिसते. उल्हासनगर ही मूळची लष्कराची छावणी. तिला कल्याण कॅम्प म्हणत. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित तेथे राहिले आणि १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या लोकांनी कष्टाने अनेक धंदे उभे केले. तिथला फर्निचरचा बाजार आज लांबवर माहीत आहे. अंबरनाथ आणि बदलापूरला नव्या इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या गच्चीवर, गॅलरीत, बंगल्याच्या अंगणात अशा फळ्यांचे ओटे घालतात. म्हणजे सुतार-मिस्त्रींना हे नवे काम मिळाले आहे. पण नवे काम नवा हिशेब मागते.

तो हिशेब काय आहे, ते पाहू.

साधे लाकूड पाण्याने रुंदीला वाढते. लांबीला ते जवळजवळ वाढत नाही. ही नवी फळी मात्र उन्हाने लांबीला वाढते, कारण तिच्यात प्लास्टिक आहे. किती वाढते? उष्णता २५ अंशांनी वाढली, की एक मीटर लांबीमागे सुमारे १ मिलिमीटर. कंपनीप्रमाणे हे थोडे कमीजास्त होते. मिलिमीटर म्हणजे टेपेवरचे सर्वांत लहान घर. अशी दहा घरे मिळून एक सेंटिमीटर होतो.

आता बघा. फळी १२ फुटी आहे, म्हणजे सुमारे ३ मीटर ६० सेंटिमीटर. जानेवारीच्या पहाटे ती गार असते. मेच्या दुपारी तिच्यावर हात ठेववत नाही. फळीच्या अंगात ४० अंशांचा फरक पडला असे धरू. तर ती सुमारे ६ मिलिमीटर वाढेल. ही वाढ डोळ्यांना दिसत नाही. पण जागा मिळाली नाही, तर फळी भिंतीला रेटते, शेजारणीला रेटते आणि शेवटी कमान करून वर उठते.

हे काही नवे शास्त्र नव्हे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात? आधी ती आगीत तापवतात. तापून ती मोठी होते, चाकावर बसते, आणि पाणी ओतले की आवळते. आपल्या कल्याण-कर्जत मार्गावर १८५६ पासून आगगाडी धावते. पूर्वी रुळांच्या दोन तुकड्यांमध्ये फट ठेवीत. गाडीची ती खडखड त्या फटींची असे. आता रूळ जोडून लांब करतात. पण त्यासाठी ते जड स्लीपरांना आवळून धरावे लागतात, आणि ठरावीक ठिकाणी सरकायला जागा ठेवावीच लागते. ही फळी तर लोखंडाच्या सुमारे तिप्पट वाढते. तिला कोण आवळून धरणार?

बदलापूरच्या एका गच्चीवर मी याचा परिणाम पाहिला आहे. काम थंडीत झाले होते. मालकाला फट नको होती. "फटीत कचरा जातो, फळ्या चिकटून बसवा," असे त्याने सांगितले. सुतारदादाने ऐकले. काम आरशासारखे दिसले. एप्रिलमध्ये फळ्या मध्येच वर आल्या. चाप तुटले. घरातल्या म्हातारबाईंना ठेच लागू लागली. मालकाने सुतारदादाचे राहिलेले पैसे अडवून धरले. महिन्याची मजुरी गेली. फळ्यांच्या गठ्ठ्यात कंपनीचा छापील कागद होता. किती फट ठेवावी, हे त्यावर आकृती काढून दाखवले होते. तो कागद कोणी उघडलाच नव्हता.

म्हणून पहिले काम, कागद वाचा. तो इंग्रजीत असला तरी भिऊ नका. इंग्रजी आकडे दहाच आहेत. ते दोन दिवसांत येतात. आकृतीत फटीजवळ जो आकडा लिहिला असेल, तो टेपेवर शोधा. कागदातला आकडा आणि इथला आकडा वेगळा असेल, तर कागदातला खरा माना.

आता कामाचा क्रम सांगतो.

फळ्या आदल्या दिवशी आणून, सपाट जागी पसरून ठेवा. त्यांना तिथल्या हवेची सवय होऊ द्या.

गच्चीचा उतार पाहा. बादलीभर पाणी ओता. पाणी नळीकडे वाहिले पाहिजे. खालचे दांडे उताराच्या दिशेने ठेवा, म्हणजे पाणी अडणार नाही. दांडे बसवताना गच्चीला भोके पाडू नका. वॉटरप्रूफिंग फुटले, तर खालच्या घरात गळती सुरू होईल.

दोन दांड्यांत, मध्यापासून मध्यापर्यंत, ३० ते ४० सेंटिमीटर अंतर ठेवा. जास्त ठेवले तर फळी पायाखाली दबते.

दोन फळ्यांच्या लांब बाजूंमध्ये ५ ते ६ मिलिमीटर फट ठेवा. तेवढ्या जाडीचे ठोकळे कापून घ्या आणि फळ्यांमध्ये धरा, म्हणजे फट सगळीकडे सारखी येईल. या फटीतून पावसाचे पाणी खाली जाते आणि खाली वारा खेळतो.

भिंतीपाशी सुमारे १० मिलिमीटर जागा सोडा.

जिथे दोन फळ्यांची टोके समोरासमोर येतात, तिथे हवा पाहून फट ठेवा. थंड सकाळी काम करत असाल तर ८ मिलिमीटर. कडक उन्हात करत असाल तर २ ते ३ पुरे, कारण फळी आधीच वाढलेली असते. थंडीत ती फट आपोआप रुंदावेल. टोकांखाली दोन दांडे जोडीने ठेवा. प्रत्येक टोकाला आपला दांडा हवा.

प्रत्येक फळी एकाच ठिकाणी, मध्यावर, पक्की करा. बाकी ठिकाणी सरकू देणारे चाप लावा. मग ती दोन्हीकडे सारखी वाढेल.

आणखी एक सांगतो. कपाटे आणि दारे करायला जी हलकी पाटी मिळते, तिलाही काही दुकानदार डब्ल्यू.पी.सी.च म्हणतात. ती उघड्यावरच्या ओट्याला चालत नाही. घेताना स्पष्ट विचारा.

घरच्या माणसांनीही थोडे लक्ष द्यावे. फटीत लांबी किंवा सिमेंट भरू नये. मृगाच्या आधी आणि दिवाळीला फटीतला पालापाचोळा पातळ काडीने काढावा. कचऱ्याने भरलेली फट असून नसल्यासारखीच.

आणि सुतारदादांनो, मालक फटीला हरकत घेईल, तेव्हा भांडू नका. त्याच्यापुढे कागद धरा. आकड्यावर बोट ठेवा. वरचा हिशेब त्याला करून दाखवा. मालक तोंडचे बोलणे उडवून लावील, पण छापील आकडा उडवून लावणे कठीण जाते. तुमची मजुरी त्या आकड्याने वाचेल.

आता एक हिशेब तुम्हीच करा. फळी ३ मीटर लांब आहे. उष्णता २५ अंशांनी वाढली. फळी किती वाढेल? पाटीवर लिहा आणि शेजाऱ्याला दाखवा. उत्तर ३ मिलिमीटर आले, तर तुम्हाला हा धडा समजला.