नाडी एक सांगते, श्वास दुसरंच!

वीस सेकंद जीव तोडून पळायचं, दहा सेकंद थांबायचं, पुन्हा पळायचं. असं आठ वेळा! दोस्तांनो, जपानच्या इझुमी ताबाता यांचं संशोधन १९९६ साली प्रसिद्ध झालं आणि हा व्यायाम जगभर पोचला. गंमत म्हणजे मूळ प्रयोग मैदानावर नव्हे, जागच्या जागी चालवायच्या सायकलवर झाला होता, तोही व्यायामाची सवय असलेल्या तरुणांवर. आता शाळाशाळांतून मुलंही असे टप्प्याटप्प्याचे व्यायाम करतात. पण वर्गात एखाद्याला दमा असतो. त्याच्या हातात शिट्टी आणि वही देऊन त्याला गुण मांडायला बसवतात. बिचारा!

खरं तर बसवायची गरज नसते. अमेरिकेची जॅकी जॉयनर-कर्सी ठाऊक आहे ना? कॉलेजात असताना तिला दमा असल्याचं कळलं. सुरुवातीला तिनं ते फारसं मनावर घेतलं नाही, आणि त्याचा त्रासही भोगला. पुढं नीट औषधोपचार घेत ती खेळत राहिली. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये तिनं हेप्टॅथलॉनमध्ये ७२९१ गुण मिळवले. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही!

मग दम्याच्या मुलानं पळताना होतं तरी काय? एरवी आपण नाकानं श्वास घेतो. नाक म्हणजे घरचा बंबच म्हणा ना! हवा गरम करतं, ओलसर करतं. जोरात पळताना मात्र तोंड उघडतं आणि कोरडी, गार हवा थेट आत जाते. श्वासनलिका आतून सुकतात, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात. म्हणून डिसेंबरातल्या पहाटेचा सराव जास्त बाधतो.

आणि इथंच एक फसवणूक आहे बरं का. हा त्रास पुष्कळदा पळताना नव्हे, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी वाढतो. सर म्हणतात, "शाब्बास, बसा आता." सगळे पाणी प्यायला जातात. आणि हा कोपऱ्यात खोकत बसतो. कोणाचं लक्षच नसतं.

आता नाडीचं बघू. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारनं गुणा. मोठी माणसं २२० मधून वय वजा करून नाडीची कमाल मर्यादा काढतात. मुलांना ते गणित नीट लागू पडत नाही. दहा वर्षांचा असो की पंधराचा, जीव तोडून पळाल्यावर बहुतेकांची नाडी दोनशेच्या आसपास जाते. म्हणून आईबाबांनो, मुलाच्या हातातल्या घड्याळात १८० आकडा दिसला म्हणून लगेच घाबरू नका.

पण आकडा चांगला दिसला म्हणून निश्चिंतही होऊ नका! घड्याळ हृदयाचे ठोके मोजतं, श्वासनलिका किती आवळली ते त्याला कळत नाही. शिवाय दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल हे औषधही नाडी वाढवतं, हात थोडे थरथरवतं. म्हणजे पंप घेतल्यावर नाडी वाढलेली दिसली, तर ती पळण्यानं की औषधानं, हे आकड्यावरून कसं ओळखणार?

त्यापेक्षा सोपी परीक्षा म्हणजे बोलून बघणं. दोन फेऱ्यांच्या मध्ये थांबल्यावर एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं, तरच पुढची फेरी. छातीत शिट्टी वाजू लागली, खोकला थांबेना, तर फेरी बंद. सर रागावले तरी बंद!

सुरुवात नेहमी हळू करा. दहा-पंधरा मिनिटं चाला, हळू पळा, मध्ये छोट्या छोट्या धावा घ्या. त्यानं पुष्कळांच्या श्वासनलिका पुढचा तासभर कमी आवळतात. विश्रांती दहा सेकंदांचीच हवी, असा कायदा नाही. दोन मिनिटं घ्या. रोजचं औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. पळण्याआधी पंप घ्यायचा का, कोणता, तेही त्यांनाच विचारा. काही घरांत पंपाची सवय लागेल म्हणून तो कपाटात लपवून ठेवतात. पंपाची जागा मैदानावर, आणि सरांना ती माहीत हवी.

पंप घेऊनही आराम पडत नसेल, वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसले, तर ताठ बसवा आणि १०८ ला फोन करा. पळता पळता कुणी बेशुद्ध पडलं किंवा छातीत दुखलं, तर तो नेहमीचा दमाच असेल असं समजू नका. हृदयाची तपासणी होईपर्यंत मैदान बंद. तेवढे दिवस मात्र शिट्टी आणि वही खुशाल सांभाळा.