अवकाशातल्या स्फोटांचा पत्ता

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथली ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण २००१ साली मॅगेलनच्या मेघांमध्ये स्पंदक तारे, म्हणजे पल्सार, शोधत होती. त्या निरीक्षणांत एक विलक्षण ठोका नोंदला गेला आणि काही वर्षं तसाच साठवणीत पडून राहिला. पुढे अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात डंकन लॉरिमर यांनी ही जुनी माहिती डेव्हिड नार्केविक या विद्यार्थ्याला चाळायला दिली, तेव्हा तो हाती लागला. पाच मिलिसेकंदांहून कमी काळ टिकलेला, पण यंत्राची मोजण्याची मर्यादा ओलांडून जाण्याइतका जोरदार. २००७ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यावरचा निबंध छापून आला. अशा ठोक्यांना आज ‘फास्ट रेडिओ बर्स्ट’, थोडक्यात एफआरबी, म्हणतात. आपण त्यांना रेडिओ स्फोट म्हणू.

हा ठोका दुरून आला हे कशावरून? ताऱ्यांमधली आणि दीर्घिकांमधली पोकळी अगदी रिकामी नसते, तिथे विरळ का होईना इलेक्ट्रॉन विखुरलेले असतात. त्यांच्यामधून जाताना कमी कंप्रतेच्या रेडिओ लहरी जास्त रेंगाळतात. आळंदीहून एकाच वेळी निघालेल्या दिंडीत तरणे पुढे जातात, म्हातारे मागे राहतात. दोघांच्या पोचण्यात किती वेळाचं अंतर पडलं त्यावरून वाट किती होती याचा अदमास घ्यावा, तसं हे गणित आहे. लॉरिमर यांच्या स्फोटात दीड गिगाहर्ट्झच्या लहरींनंतर सुमारे ०.४ सेकंदांनी १.२ गिगाहर्ट्झच्या लहरी पोचल्या. त्या दिशेला आपल्या आकाशगंगेत जेवढे इलेक्ट्रॉन आहेत, त्यांच्यामुळे या उशिराचा दहावा हिस्साही भरत नव्हता. म्हणजे स्रोत आकाशगंगेच्या पुष्कळ पलीकडे, अब्जावधी प्रकाशवर्षांच्या घरात.

आणि आकारानं मात्र लहान. पाच मिलिसेकंदांत प्रकाश १,५०० किलोमीटर जातो. एखादी वस्तू इतक्या कमी वेळात उजळून विझत असेल, तर ती साधारणपणे त्याहून मोठी असू शकत नाही. एवढ्याशा जागेतून सूर्य काही दिवसांत ओततो तितकी ऊर्जा क्षणात बाहेर पडते, असा हिशेब निघाल्यावर संशयाची सुई न्यूट्रॉन ताऱ्यांकडे वळणं साहजिक होतं.

पण त्याआधी साक्षीदारावरच संशय आला. पार्क्सच्याच नोंदींत तसलेच दुसरे ठोके सापडू लागले. दुर्बिणीच्या ग्राहकयंत्राला आकाशाकडे रोखलेले तेरा डोळे होते आणि हे ठोके तेरांनाही एकदम दिसत; खऱ्या आकाशस्थ स्रोताला ते शक्य नाही. शिवाय ते बहुतेक दिवसा, कामाच्या वेळात उमटत. पंचाईत अशी, की त्यांच्यातल्या उच्च-नीच कंप्रतांमधला उशीर लॉरिमर यांच्या ठोक्याशी बराच जुळत होता. त्यामुळे तो मूळ ठोकाही भूतलावरचाच असावा अशी कुजबुज सुरू झाली. या उपटसुंभांना संशोधकांनी ‘पेरिटॉन’ या काल्पनिक प्राण्याचं नाव दिलं. २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी त्यांचा छडा लावला. वेधशाळेच्या आवारात मायक्रोवेव्ह ओव्हन होते. आतला पदार्थ गरम होऊन घंटी वाजायच्या आधीच कोणी दार उघडलं, की बंद पडता पडता ओव्हनमधला लहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन दुर्बिणीला ऐकू येणाऱ्या कंप्रतेवर उचकी देई. दुर्बीण नेमकी त्या बाजूला रोखलेली असली, की झाला पेरिटॉन तयार.

या गोष्टीवर जगभर हशा झाला. मला मात्र ती या सगळ्या शोधातली सर्वांत कौतुकाची पायरी वाटते. आपल्या स्वयंपाकघराची झडती घेऊन ती छापायला धैर्य लागतं, आणि त्या झडतीमुळेच लॉरिमर यांचा ठोका निर्दोष सुटला. तो तेरापैकी मोजक्याच डोळ्यांना दिसला होता.

दरम्यान २०१३ मध्ये पार्क्सलाच आणखी चार स्फोट सापडले होते, आणि पुढच्याच वर्षी पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीनं आपला एक जाहीर केल्यावर पार्क्सची मक्तेदारीही संपली. तर्कांना ऊत आला. कोसळून कृष्णविवर होणारे तारे, एकमेकांवर आदळणारे तारे, अगदी परग्रहवासीयांची यानंसुद्धा. २०१९ च्या सुमारास कोणीतरी यादी केली तेव्हा तर्कांची संख्या पन्नासच्या आसपास भरली. बराच काळ स्फोट थोडे आणि उपपत्ती अधिक अशी स्थिती होती.

ही गर्दी पांगवली ती पत्त्यांनी. अरेसिबोच्या त्या स्फोटानं, एफआरबी १२११०२ नं, पुन्हा पुन्हा डोकं वर काढलं. २०१६ मध्ये हे जाहीर झालं. जो स्रोत पुन्हा स्फोट करतो, तो पहिल्या स्फोटात नष्ट झालेला नसतो. निदान या स्रोतापुरते तरी आदळण्या-कोसळण्याचे सगळे तर्क एका फटक्यात बाद झाले. पुन्हा येणाऱ्यावर पाळत ठेवता येते. शमी चॅटर्जी आणि सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए दुर्बिणींनी त्याची जागा नेमकी केली, आणि श्रीहर्ष तेंडुलकर यांच्या नेतृत्वाखालच्या गटानं हवाई बेटांवरच्या जेमिनी दुर्बिणीनं तिथली दीर्घिका शोधून तिचं अंतर काढलं: तीन अब्ज प्रकाशवर्षांच्या आसपास. दीर्घिका बुटकी, नवे तारे घडवण्यात गुंतलेली. तेंडुलकर पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. चीनच्या फास्ट दुर्बिणीनं २०१९ मध्ये ४७ दिवसांच्या काळात याच स्रोताचे १,६५२ स्फोट मोजले.

तरीही आरोपी कोण, हे कळायला २८ एप्रिल २०२० उजाडावं लागलं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या पेंटिक्टनजवळ ‘चाइम’ नावाची दुर्बीण आहे. शंभर मीटर लांबीचे चार अर्धगोल पन्हळ जमिनीवर मांडलेले, हलणारा भाग एकही नाही; पृथ्वी फिरते तसं आकाश तिच्यावरून सरकतं. त्या दिवशी तिला आपल्याच आकाशगंगेतून एक स्फोट ऐकू आला. कॅलिफोर्निया आणि युटामध्ये ठेवलेल्या तीन लहानशा अँटेनांच्या ‘स्टेअर-२’ या प्रयोगानंही तो पकडला. स्रोत होता एसजीआर १९३५+२१५४ हा मॅग्नेटार, आपल्यापासून हजारो प्रकाशवर्षांवरचा. मॅग्नेटार म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या कोटीच्या कोटी पटींहून प्रबळ क्षेत्र असलेला न्यूट्रॉन तारा. अवकाशातल्या क्ष-किरण उपकरणांनी त्याच क्षणी त्याच ताऱ्याचा क्ष-किरण स्फोटही टिपला. आरोपी रंगेहाथ सापडला.

इथे खटला संपला असं पुष्कळांनी लिहिलं. ते घाईचं होतं. एक तर हा स्फोट दूरच्या दीर्घिकांतल्या स्फोटांच्या तुलनेत दुबळा होता. शिवाय चाइमलाच सापडलेला एक पुन्हा पुन्हा येणारा स्रोत सप्तर्षींच्या दिशेला एम८१ या दीर्घिकेत, सुमारे सव्वा कोटी प्रकाशवर्षांवर निघाला, आणि तोही बंदिस्त तारकागुच्छात. अशा गुच्छातले तारे अतिशय म्हातारे असतात. मोठे तारे मरून मॅग्नेटार होतात, पण तिथले मोठे तारे अब्जावधी वर्षांपूर्वीच मेलेले. आणि मॅग्नेटारचा चुंबकीय जोर तर काही हजार वर्षांतच ओसरतो. मग तिथे ताजा मॅग्नेटार आला कुठून? कदाचित श्वेत बटू कोसळून, कदाचित दोन मृत तारे एकमेकांत मिसळून. २०२५ च्या सुरुवातीला मॅकगिल विद्यापीठाच्या विश्वांगी शाह आणि सहकाऱ्यांनी दोन अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका वृद्ध, शांत दीर्घिकेच्या पार कडेला आणखी एक स्रोत दाखवला. म्हणजे एम८१ हा निव्वळ अपवाद नव्हता.

आमच्या पुणे जिल्ह्याचाही या तपासात हात आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, काही मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. चाइमला सापडलेला एक स्रोत दर १६.३५ दिवसांनी काही दिवस जागा होतो, मग गप्प बसतो. एखाद्या जोडीदार ताऱ्याभोवती फिरत असेल किंवा भोवऱ्यासारखा डुलत असेल, असे दोन तर्क आहेत. त्याच्या जाग्या काळात विश्वेश्वर राम मर्ती आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीनं त्याचे पंधरा स्फोट टिपले, ५५० ते ७५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तबकड्या दूरदूर पसरलेल्या असल्यानं अशी दुर्बीण स्फोट ऐकतेच, शिवाय कुठून आला तेही नेमकं सांगू शकते. चाइमला सुरुवातीला नेमकं हेच जमत नव्हतं. त्यासाठी तिला पुढे दूर अंतरावर जोडदुर्बिणी उभाराव्या लागल्या.

माझा निकाल असा: काही स्फोट मॅग्नेटारच घडवतात, यात आता शंका उरलेली नाही. सगळेच तेच घडवतात, याला पुरावा नाही. पुन्हा न येणारे आणि पुन्हा येणारे स्फोट एकाच कुळातले आहेत की दोन कुळांतले, हा वादही खुला आहे आणि तो मिटेल तो आणखी नेमक्या पत्त्यांनीच. म्हणून खोडदला आता ‘स्पॉटलाइट’ हा प्रकल्प सुरू आहे. दुर्बीण इतर कुठल्याही कामात असली तरी तिच्याकडे येणाऱ्या लहरींत रेडिओ स्फोट शोधत राहायचं आणि सापडताक्षणी जागा काढायची, असं त्याचं काम. त्यासाठी लागणारा परम रुद्र हा महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या, सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं आणि सामान्य माणसाला दुर्बीण जवळून बघता येते. मुलांना घेऊन जरूर जा; आवारात शिरताना मोबाइल मात्र बंद ठेवा.