‘ग्लूमिली’ला मराठीत काय म्हणावे?

इंग्रजीतल्या ‘ग्लूमिली’ या क्रियाविशेषणाचे मुख्य अर्थ तीन: खिन्न मनाने, निराशेच्या सुरात आणि अंधुक, कोंदट उजेडात. मराठीत या तिन्हींना एकच शब्द पुरत नाही. प्रसंग पाहून निवड करावी लागते.

मनःस्थितीसाठी ‘खिन्नपणे’ किंवा ‘उदासपणे’ चालते. ‘विषण्णपणे’ त्याहून गडद आहे. संस्कृत ‘सद्’ धातूवरून आलेल्या या शब्दात खचून बसण्याचा भाव आहे. खेळायला न मिळालेले पोर ‘हिरमुसून’ परत येते. तोड लांबलेला ऊस उत्पादक ‘यंदा काही खरं नाही’ म्हणतो, ते ‘निराशेने’. ओस जागा ‘भकास’ दिसते आणि आभाळात ‘मळभ दाटते’.

इंदापूर तालुक्यातल्या सणसरला आषाढी वारीत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम असतो. पालखी बेलवाडीच्या रिंगणाकडे निघाली, की मागे गाव ‘सुने सुने’ वाटते. तिथे ‘खिन्न’ शब्द बसत नाही, कारण रितेपणात समाधानही असते.

संतवाङ्मय वाचताना एक भान हवे. तिथे ‘उदास’ म्हणजे बहुधा दुःखी नव्हे, तर अलिप्त, विरक्त. ‘उद्’ आणि ‘आस्’ यांतून बाजूला बसलेला, तटस्थ असा अर्थ निघतो. आजचा अर्थ लावला तर तुकोबांचा उपदेशच उलटा होतो.

बोली मराठीला ‘-पणे’ फारसे रुचत नाही. ‘तो उदासपणे बसला’ यापेक्षा ‘तोंड पाडून बसला’ हे अधिक मराठी. अनुवाद करताना आधी असे वाक्प्रचार आठवावेत, मग शब्दकोश उघडावा.